राखीव गड्याचें मोल

मनुष्याचें मोल पैशांत करावें कीं नाहीं, हा प्रश्न फार जुना आहे. परंतु २०२४ च्या ऑक्टोबरांत तो आमच्या गोंदियाच्या घरीं, ओसरीवर, अगदीं नव्या वेषांत येऊन उभा राहिला. त्या महिन्यांत दिल्ली येथें हॉकी इंडिया लीगमधील खेळाडूंचा लिलांव झाला. सात वर्षांच्या खंडानंतर ही स्पर्धा पुन्हां सुरू व्हावयाची होती. पुरुषांच्या आठ संघांत महाराष्ट्राचा एकही नव्हता. मुंबईच्या नांवाचे संघ २०१३ ते २०१७ या पहिल्या पर्वांत होऊन गेले. घरचा संघ नाहीं, म्हणून माझा पुतण्या व त्याचे दोन स्नेही यांनीं सारे खेळाडू कागदावर वांटून घेतले आणि आपसांत अदलाबदलीचे सौदे मांडले.

वाद पेटला तो दुसऱ्या फळीच्या गड्यांवरून. एक म्हणे, “माझे चार राखीव गडी घे आणि तुझा एक नामांकित आघाडीवाला दे.” दुसरा उसळून म्हणे, “चार काजवे एकत्र केले म्हणून चंद्र होत नाहीं!” अखेर पुतण्या माझ्याकडे वळून म्हणाला, “काका, आतां तुम्हीच निवाडा करा.”

जन्मभर संस्कृत शिकविलेल्या मास्तरानें हा निवाडा करणें म्हणजे अव्यापारेषु व्यापारच. शिवाय आमचे सुभाषितकारही बहुधा चंद्राचीच बाजू घेतात. तरी प्रथम मीं कागद-पेन्सिल मागितली. प्रत्येक संघाजवळ ४ कोटी रुपये, आणि त्यांत २४ खेळाडू घ्यावयाचे. म्हणजे दर माणशीं साडेसोळा लाखांहून थोडे अधिक. सूरमा संघानें हरमनप्रीत सिंग यांना ७८ लाखांस घेतलें. उरले ३ कोटी २२ लाख. ते २३ जणांत वांटले तर प्रत्येकाच्या वांट्यास बरोबर १४ लाख येतात. एका मोठ्या गड्यासाठीं बाकीच्या प्रत्येकाच्या वांट्यांतून अडीच लाखांहून अधिक रक्कम गेली. हा सौदा चुकीचा, असें मी म्हणत नाहीं. चंद्रासाठीं काय मोजावें लागतें, तेवढेंच गणित सांगतें.

दुसरें असें कीं, हॉकींतील राखीव गडी म्हणजे क्रिकेटमधला बारावा गडी नव्हे. १९९२ पासून या खेळांत गडी कितीही वेळां बदलण्याची मोकळीक आहे. सामना १५ मिनिटांच्या चार भागांचा. आघाडीचे गडी कांहीं मिनिटें जिवाच्या आकांतानें धांवतात, दम घ्यावयास बाहेर येतात, आणि ताजे गडी आंत जातात. बाकावरचा गडी कच्चा असेल, तर मैदानावरच्याला विसांवा कसा मिळावा? राजानें राखीव सैन्यासह दोनशें धनुष्यांच्या अंतरावर मागें उभें राहावें, आणि असें पाठबळ नसेल तर युद्धच करूं नये, असें कौटिल्यानें अर्थशास्त्रांत बजाविलें आहे. त्या पाठबळास त्यानें ‘प्रतिग्रह’ हा शब्द योजिला आहे.

जवळचा दाखला टोकियो ऑलिंपिकचा. भारताचे १६ खेळाडू निवडले गेले, त्यांत सिमरनजीत सिंग नव्हते. ते जोडीला नेलेल्या राखीवांपैकीं एक होते. महामारीमुळें नियम सैल झाला आणि राखीवांनाही खेळतां आलें. ५ ऑगस्ट २०२१ रोजीं कांस्यपदकाच्या सामन्यांत भारत जर्मनीविरुद्ध १–३ असा मागें पडला होता. शेवटीं तो ५–४ असा जिंकला आणि ४१ वर्षांनीं हॉकीचें ऑलिंपिक पदक घरीं आलें. त्या पांच गोलांपैकीं दोन सिमरनजीत यांचे.

उलट दाखला पॅरिसचा. २०२४ च्या उपांत्यपूर्व सामन्यांत ब्रिटनविरुद्ध अमित रोहिदास यांना लाल कार्ड मिळालें. उरलेला सामना भारत दहाजणांनिशीं लढला आणि शूटआउटमध्यें जिंकला. परंतु रोहिदास यांना पुढच्या सामन्यास बंदी झाली, आणि त्या सामन्यांत जर्मनीनें भारताला ३–२ असें हरविलें. पेनल्टी कॉर्नरच्या वेळीं चेंडूवर प्रथम धांवून जाणारा हा गडी. त्या धांवेची नोंद गोलफलकावर होत नाहीं. जागा रिकामी झाली म्हणजे तिचें माप कळतें.

पुढची हकीकत तर याहून बोलकी आहे. पॅरिसला राखीव म्हणून गेलेले जुगराज सिंग या लिलांवांत ४८ लाखांस बंगालच्या संघांत गेले. १ फेब्रुवारी २०२५ रोजीं, आमच्याच हावडा मार्गावरील राउरकेला येथें, अंतिम सामन्यांत त्यांनीं तीन गोल केले आणि बंगालनें ४–३ असें विजेतेपद मिळविलें.

परंतु त्या सायंकाळीं मुलांना टोकियो व पॅरिस सांगत असतां माझ्याच मनांत एक जुना कांटा सलूं लागला. आमचा जिल्हा १९९९ सालीं भंडाऱ्यापासून वेगळा झाला, त्यापूर्वींची गोष्ट. शाळेच्या हॉकी संघाची देखरेख माझ्याकडे आली होती. एक मुलगा हंगामभर इतरांच्या काठ्या वाही, सर्वांना पाणी देई. मीं त्याला एकदांही खेळविलें नाहीं. शेवटच्या सामन्यांत एकाचा पाय मुरगळला, तेव्हां त्याला ऐन वेळीं आंत ढकललें. त्याच्या हातून चेंडू निसटला, गोल झाला, आम्ही हरलों. परतीच्या वाटेवर मीं सर्वांदेखत म्हटलें, “म्हणूनच तुला घेत नव्हतों.” तो मान खालीं घालून बसून राहिला. दुसऱ्या वर्षीं त्यानें संघांत नांवच दिलें नाहीं.

अपराध त्याचा नव्हता. ज्याला मीं तयार केलें नाहीं, त्याचें मोल मीं त्याच्या एका चुकीवरून ठरविलें.

मुलांना मीं ही गोष्ट सांगितली आणि निवाडा दिला, “चारांना एक कीं एकाला चार, हा हिशेब मागाहून करा. राखीव गड्याची किंमत लिलांवांत नुसती सुरू होते. पुढें ती खेळविणाऱ्याच्या हातीं वाढते किंवा बुडते.”

तिघे कांहीं वेळ गप्प राहिले. मग एकानें कागद पुन्हां पुढें ओढला आणि म्हटलें, “बरें, तुझे हे चौघे गेल्या वर्षीं प्रत्यक्ष मैदानांत किती मिनिटें होते, तें आधीं सांग.”