वर्णाचा दाखला

दक्षिण आफ्रिकेच्या पार्लमेंटाने १९५० साली लोकसंख्या-नोंदणीचा जो कायदा संमत केला, त्यातली व्याख्यांची कलमे आज वाचू लागले म्हणजे मसुदा करणाऱ्या कायदेपंडितांची लेखणी या एका ठिकाणी फार अडखळली असावी असे वाटू लागते. गोरा इसम म्हणजे कोण? तर जो दिसण्यात उघडउघड गोरा आहे, किंवा ज्याला सर्वसाधारणपणे लोक गोरा मानतात तो. मात्र दिसण्यात गोरा असूनही ज्याची गणना लोक 'कलर्ड' म्हणून करतात, तो नव्हे. आणि कलर्ड म्हणजे कोण? तर जो गोराही नाही आणि 'नेटिव्ह', म्हणजे काळा आफ्रिकनही, नाही तो. वंशभेद हा ईश्वरानेच घालून दिलेला आहे असे व्यासपीठावरून निक्षून सांगणाऱ्या राज्यकर्त्यांना प्रत्यक्ष कायदा लिहिण्याची वेळ आली तेव्हा ना ईश्वराचा आधार घेता आला ना रक्ताचा. शेजारीपाजारी काय म्हणतात, या एवढ्याशा पायावर त्यांना सारी इमारत उभारावी लागली.

केपच्या वसाहतीचा इतिहासच असा होता की तेथे रक्ताचा हिशेब मांडू गेल्यास तो मांडणाऱ्याच्याच अंगावर यावा. १६५२ साली डच ईस्ट इंडिया कंपनीने टेबल पर्वताच्या पायथ्याशी, येणाऱ्याजाणाऱ्या जहाजांना भाजीपाला आणि गोडे पाणी पुरविण्यासाठी, एक ठाणे वसविले. आणि पुढील सुमारे दीडशे वर्षांत तेथे राबण्यासाठी ६३,००० च्या आसपास गुलाम आणले गेले. त्यांतले जवळजवळ चतुर्थांश हिंदुस्थानचे, म्हणजे बंगाल, मलबार आणि कोरोमंडल या किनाऱ्यांवरून नेलेले होते. बाकीचे मादागास्कर, पूर्व आफ्रिका आणि आजचा इंडोनेशिया येथले. आंजेला नावाची एक बंगाली गुलाम स्त्री १६६६ साली मुक्त झाली, तीनच वर्षांनी बासोन नावाच्या युरोपीय गृहस्थाशी तिचा रीतसर विवाह झाला, आणि पुढे स्वतःला निखळ बोअर, म्हणजे डच वसाहतवाल्यांचे वंशज, म्हणविणाऱ्या अनेक घराण्यांच्या वंशवृक्षाच्या मुळाशी ही बंगालची लेक उभी आहे. गुलाम, मूळचे खोइखोइ पशुपालक, बंदरात उतरलेले खलाशी आणि डच वसाहतवाले यांच्या संबंधांतून जो समाज निर्माण झाला, त्याची दोन टोके गोऱ्यांत आणि काळ्यांत मिसळून गेली, आणि मधला जो विस्तीर्ण भाग उरला त्याला सरकारदरबारी 'कलर्ड' हे नाव मिळाले.

आता नाव दिले म्हणजे ते कोणाचे हे ठरविणे आले, आणि त्यासाठी कचेऱ्या, अर्ज, हरकती, अपिले, साक्षीपुरावे असा सारा लवाजमा आला. केसांत पेन्सिल खोवून ती खाली घसरते की अडकून राहते, यावरून माणसाचा वंश ठरविण्याची रीत तर कुप्रसिद्धच झाली. परंतु केस सरळ असून भागत नसे. १९६२ साली कायद्यात दुरुस्ती होऊन माणसाच्या सवयी, शिक्षण, बोलण्याची ढब आणि एकंदर वागणूक यांचाही विचार करावा असे ठरले. एखादा इसम कोणाकडे जेवतो, कोणत्या चर्चमध्ये जातो, त्याचे मित्र कोण, या गोष्टी अशा प्रकारे सरकारी तपासाचा विषय होऊन बसल्या. या प्रकाराला आपण हसावे, पण अंमळ जपूनच. कारण १९०१ च्या हिंदुस्थानच्या शिरगणतीचे प्रमुख हर्बर्ट रिस्ले हे माणसांच्या नाकांची मापे घेऊन जातींची उतरंड सिद्ध करू पाहत होते, आणि त्या शिरगणतीच्या खात्याकडे आपली जात वरच्या रकान्यात लिहून घ्यावी म्हणून अर्ज करणाऱ्यांत आपलेच पूर्वज होते.

या व्यवस्थेचा वरवंटा सर्वांत निर्दयपणे फिरला तो कुटुंबांवरून. एकाच आईबापांची मुले, एक सावळे आणि एक उजळ, दोन वेगळ्या वर्गांत नोंदली जात. मग उजळ भावाने गोऱ्यांच्या वस्तीत बिऱ्हाड करावे, गोऱ्यांची नोकरी धरावी, आणि आगगाडीत सावळी बहीण दिसली तर खिडकीबाहेर पाहावे, बहिणीनेही समजून उमजून ओळख देऊ नये, असा एक मूक संकेत केपच्या घराघरांतून पाळला जाई. याहून विपरीत कहाणी सँड्रा लेंगची. आईवडील दोघेही गोरे, दुकानदार, सत्तारूढ राष्ट्रीय पक्षाचे समर्थक; मुलगी मात्र वर्णाने सावळी आणि कुरळ्या केसांची निपजली. १९६६ साली पीट रेटीफ गावच्या गोऱ्यांच्या शाळेतून या दहा वर्षांच्या मुलीला पोलिसांकरवी बाहेर काढण्यात आले आणि दप्तरात ती कलर्ड झाली. बापाने दाद मागितली. दुसऱ्याच वर्षी, दोन्ही पालक गोरे असतील तर अपत्यही गोरेच, अशी तरतूद कायद्यात आल्यामुळे ती पुन्हा गोरी ठरली. पण पुढे तिने एका कृष्णवर्णी तरुणाबरोबर संसार थाटला तेव्हा ज्या बापाने तिच्या गोरेपणासाठी सरकारशी झगडा केला होता त्यानेच तिच्याशी संबंध तोडले, आणि स्वतःच्या मुलांजवळ कायदेशीरपणे राहता यावे म्हणून तिला आपला वर्ग बदलून मागावा लागला. बाप मुलीसाठी लढला की तिच्या वर्गासाठी, या प्रश्नाचे उत्तर देणे मला तरी साधत नाही.

या वर्गवारीला जोडून इतर कायदेही होते: आंतरवंशीय विवाहावरील बंदी १९४९ ची, वस्त्या वाटून देणारा कायदा १९५० चा, बाकडी, बसगाड्या, समुद्रकिनारे वेगळे करणारा १९५३ चा. या शेवटच्या कायद्याने तर वेगळ्या सोयी समान असण्याची गरज नाही असेही निःसंकोच लिहून ठेवले. या साऱ्यांत माणसांच्या रोजच्या जगण्याची घडी जर कोणी मुळापासून विसकटली असेल, तर ती वस्त्यांच्या कायद्याने.

केपटाऊन बंदराच्या कुशीत डिस्ट्रिक्ट सिक्स नावाची एक दाट वस्ती होती. मुक्त झालेले गुलाम, मलाय मुसलमान, कलर्ड कारागीर, गोदीवरचे कामगार, काही काळे आफ्रिकन, काही हिंदी आणि यहुदी दुकानदार अशी ती सरमिसळ होती, आणि मशिदीची बांग आणि चर्चची घंटा एकाच गल्लीत ऐकू येई. ११ फेब्रुवारी १९६६ रोजी सरकारने हा मुलूख गोऱ्यांसाठी राखीव केल्याचे फर्मान काढले. पुढल्या पंधरा-सोळा वर्षांत ६०,००० हून अधिक रहिवासी तेथून बेदखल झाले. त्यांना शहराबाहेरच्या वाळवंटी, वाऱ्याने झोडपलेल्या केप फ्लॅट्स नावाच्या सपाटीवर ज्याच्या त्याच्या वर्गाप्रमाणे नेऊन टाकले आणि घरे बुलडोझरने जमीनदोस्त केली. प्रार्थनामंदिरे तेवढी शाबूत ठेवली. नवलाची गोष्ट ही, की एवढा खटाटोप करून मिळविलेल्या त्या जमिनीवर गोरे फारसे राहायला आलेच नाहीत. एक तंत्रशिक्षण संस्था उभी राहिली, आणि बाकी बरेचसे पटांगण शहराच्या मध्यभागी वर्षानुवर्षे ओसाड पडून राहिले. १९९४ साली तेथल्या एका जुन्या मेथडिस्ट चर्चमध्ये संग्रहालय उघडले, आणि त्याच्या जमिनीवर पसरलेल्या भव्य नकाशावर जुने रहिवासी येऊन आपले घर कोठे होते ते स्वहस्ते लिहू लागले.

परंतु येथेच या विषयातली सर्वांत अवघड गाठ आहे. वरून लादलेल्या वर्गात जी माणसे कोंबली गेली, ती त्या वर्गात नुसती बसून राहिली नाहीत. त्यांनी तेथे लग्ने केली, गाणी रचली, चुली पेटविल्या. मालकांचा नववर्षदिन उलटल्यावर २ जानेवारीला गुलामांना सुटी मिळे असे सांगतात. त्या दिवशी रंगीबेरंगी साटिनचे पोशाख घालून, चेहरे रंगवून, बँजो आणि ढोल वाजवीत निघणाऱ्या मेळ्यांची परंपरा बेदखलीनंतरही मोडली नाही, उलट केप फ्लॅट्सवरून बसगाड्या भरभरून माणसे जुन्या शहरात नाचायला येत राहिली. केपच्या मुसलमान घरांत रविवारी सकाळी वेलदोडा, दालचिनी आणि बडीशेपेचा वास असलेले, पाकात बुडवून खोबऱ्याच्या किसात घोळलेले कूसिस्टर तळले जातात, लग्नाच्या पंगतीला बिर्याणी असते आणि सामोसाही असतो. हे पदार्थ कोणत्या बंदरातून, कोणाच्या हातांबरोबर आले असतील हे आपल्या जिभेला निराळे सांगावे लागत नाही.

भाषेची कथा तर याहून तिरकस. आफ्रिकान्स ही भाषा घडली ती डच मालकाच्या स्वयंपाकघरात, गोठ्यात, बंदरावर, म्हणजे गुलामांच्या आणि खोइखोइंच्या तोंडी. आणि तिच्यातल्या अगदी आरंभीच्या पुस्तकांत केपच्या मुसलमानांसाठी अबूबकर एफेंदी यांनी लिहिलेला, १८७७ साली इस्तंबूलला अरबी लिपीत छापलेला धर्मग्रंथ मोडतो. तीच भाषा पुढे गोऱ्या राष्ट्रवादाची ध्वजा झाली, १९७५ साली पार्ल येथे तिचे टोलेजंग स्मारक उभे राहिले, आणि पुढल्याच वर्षी सोवेटो या काळ्यांच्या वस्तीतल्या शाळांतून तिची सक्ती झाल्याने मुलांनी उठाव केला. आजही ती घरात बोलणाऱ्यांत गोऱ्यांपेक्षा इतरांची संख्या अधिक आहे.

१९९१ साली नोंदणीचा कायदा रद्द झाला. पण वर्ग गेले नाहीत. नोकऱ्यांतल्या समान संधीचा १९९८ चा कायदा पूर्वीच्या अन्यायाची भरपाई करू पाहतो, आणि कोणावर किती अन्याय झाला हे मोजायला त्याच जुन्या रकान्यांचा आधार घेतो. २०२२ च्या शिरगणतीत, जेथे आता प्रत्येकाने आपला वर्ग आपणच सांगायचा असतो, ८.२ टक्के लोकांनी आपण कलर्ड असल्याचे सांगितले. काहींना हा शब्द शिवीसारखा वाटतो, काही स्वतःला खोइखोइंचे वंशज म्हणवून घेऊ लागले आहेत, आणि पुष्कळांना तो शब्द सोडवत नाही, कारण आजीचे घर, तिच्या हातचे जेवण आणि गल्लीतली गाणी हे सारे त्याच नावाखाली घडले आहे. पूर्वी आपण पुरेसे गोरे नव्हतो, आता पुरेसे काळे नाही, ही तक्रार केप फ्लॅट्सवर सर्रास ऐकू येते, आणि ती निव्वळ रडगाणे म्हणून झटकून टाकण्याजोगी नाही.

आपल्याकडच्या वाचकाला हे सारे क्रिकेटच्या मैदानावर चटकन उमगेल. केपटाऊनचा बेसिल डॉलिव्हिएरा कलर्ड असल्यामुळे स्वतःच्या देशाच्या संघात खेळूच शकत नव्हता. तो इंग्लंडला गेला, तिकडून कसोट्या खेळला, आणि १९६८ साली ओव्हलवर १५८ धावा काढूनही दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यातून प्रथम वगळला गेला. एक खेळाडू जायबंदी झाल्याने त्याची वर्णी लागली, तेव्हा पंतप्रधान फॉर्स्टर यांनी असा संघ स्वीकारण्यास नकार दिला आणि दौराच बारगळला. त्यानंतर १९७० पासून तो देश आंतरराष्ट्रीय क्रिकेटातून बाहेर पडला, आणि पुन्हा खेळायला आला तो १९९१ च्या नोव्हेंबरात, कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर.

पण रकाने मैदानावरूनही गेले नाहीत. २०१५ च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेच्या संघात व्हर्नन फिलँडर या केप फ्लॅट्सवरच्या रेव्हन्समीडच्या मुलाला काइल ॲबटऐवजी घेतले गेले, सामना हातचा गेला, आणि निवड गुणांवर झाली की रकान्यावर, अशी कुजबूज सुरू झाली. अधिकाऱ्यांनी काय ते खुलासे केले, पण ती थांबली नाही. हा तोच फिलँडर, ज्याने चार वर्षांपूर्वी न्यूलँड्सच्या मैदानावर आपल्या पहिल्याच कसोटीत १५ धावांत ५ बळी घेऊन ऑस्ट्रेलियाला ४७ वर गुंडाळले होते, आणि जो पुढे ६४ कसोट्यांत २२४ बळी घेऊन निवृत्त झाला. ॲबटच्या गोलंदाजीची बाजू मांडणाऱ्यांचे म्हणणे त्या दिवसापुरते क्रिकेटच्या हिशेबाने खरेही असू शकेल. परंतु गोऱ्या खेळाडूची एखादी निवड फसली तर त्याचा वर्ग कोणी विचारीत नाही, आणि फिलँडरला मात्र त्या २२४ बळींसह, आपण संघात का आहोत याचा जबाब द्यावा लागला.