मुक्त सॉफ्टवेअरचे परवाने : मजकूर एक, कायदे अनेक

प्रस्तावना

महाविद्यालयीन ग्रंथालयांसाठी ‘कोहा’ आणि ऑनलाइन अध्यापनासाठी ‘मूडल’ ही सॉफ्टवेअर आता परिचयाची झाली आहेत. ती विनामूल्य मिळतात एवढेच बहुधा लक्षात राहते. त्यांच्यासोबत येणारा परवाना मात्र क्वचितच वाचला जातो. दोन्हींचा परवाना ‘जनरल पब्लिक लायसन्स’ म्हणजेच जीपीएल हा आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी सिद्ध केलेली त्याची पहिली आवृत्ती १९८९ मध्ये, दुसरी १९९१ मध्ये व तिसरी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. सॉफ्टवेअर वापरावे, अभ्यासावे, बदलावे व इतरांस द्यावे, अशी मुभा हा परवाना देतो. अट अशी की, बदललेली प्रत दुसऱ्यास देणाऱ्याने तिचा सोर्स कोडही त्याच अटींवर दिला पाहिजे. ही अट कोणी मोडली, तर तिचे संरक्षण कोणत्या कायद्याने होते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

परवानगी की करार?

साऱ्या जगाला लागू होणारा एकच प्रताधिकार कायदा अस्तित्वात नाही. १८८६ चा बर्न करार आणि १९९४ चा ट्रिप्स करार यांनी किमान समान पाया घातला आहे. संगणक प्रोग्रामला साहित्यकृतीप्रमाणे संरक्षण द्यावे, असे ट्रिप्सचे दहावे कलम सांगते. करारविषयक कायद्यांत असे साम्य नाही. इंग्लिश परंपरेच्या देशांत करारासाठी सामान्यतः मोबदला आवश्यक असतो. जर्मनी वा फ्रान्समध्ये तशी अट नाही.

म्हणूनच जीपीएलची भिस्त मुख्यतः प्रताधिकारावर आहे. लेखकाच्या परवानगीविना प्रोग्रामच्या प्रती वाटणे हा सर्वत्र हक्कभंग ठरतो. परवाना ही परवानगी देतो. अट मोडताच ती संपुष्टात येते. परवानाच अवैध आहे असा बचाव कोणी केला, तर प्रती वाटण्याचा त्याचा एकमेव आधारही नाहीसा होतो.

न्यायालयांचे निर्णय

हे तत्त्व जर्मनीत प्रथम कसोटीस लागले. लिनक्समधील ‘नेटफिल्टर’ या भागाचे एक लेखक हॅराल्ड वेल्टे यांनी सिटेकॉम कंपनीविरुद्ध दाद मागितली. म्युनिक येथील न्यायालयाने १९ मे २००४ रोजी मनाई हुकूम कायम केला. अटी मोडल्याने वापराचा हक्क आपोआप संपतो, हे न्यायालयाने मान्य केले. परवाना केवळ इंग्रजीत असल्याने तो निरर्थक ठरत नाही, कारण संगणक व्यवसायात ती रूढ भाषा आहे, असेही मत त्याने नोंदविले. जर्मन विधिमंडळानेही २००२ मध्ये प्रताधिकार कायद्यात तरतूद करून, लेखकास आपली कृती वापरण्याचा साधा हक्क सर्वांना विनामूल्य देता येईल, हे स्पष्ट केले होते.

अमेरिकेत ‘जेकबसन विरुद्ध कॅट्झर’ हा खटला आगगाडीच्या प्रतिकृती चालविणाऱ्या एका मुक्त प्रोग्रामवरून उद्भवला. लेखकाचा नामनिर्देश न करता त्यातील फायली वापरण्यात आल्या होत्या. खालच्या न्यायालयाने हा केवळ करारभंग मानला. या भेदाचे व्यावहारिक मोल मोठे आहे. करारभंगासाठी मुख्यतः नुकसानभरपाई मिळते. परंतु ज्या वस्तूची किंमतच शून्य, तिची भरपाई किती ठरवावी? प्रताधिकारभंग मानला, तर मनाई हुकूम मागता येतो. फेडरल सर्किट अपील न्यायालयाने ऑगस्ट २००८ मध्ये खालचा निर्णय फिरविला. परवान्याच्या अटी या परवानगीच्याच मर्यादा आहेत आणि पैसे न घेणाऱ्या लेखकाचेही आर्थिक हितसंबंध असतात, असे त्याने म्हटले.

फ्रान्समध्ये हाच वाद दीर्घकाळ चालला. ‘आँत्रूवेर’ या संस्थेने ऑरेंज कंपनीविरुद्ध २०११ मध्ये दावा दाखल केला. पॅरिसच्या अपील न्यायालयाने २०२१ मध्ये करारभंगाचाच मार्ग मान्य केला. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तो निर्णय रद्द केला आणि फेरसुनावणीत १४ फेब्रुवारी २०२४ रोजी प्रताधिकारभंग सिद्ध मानण्यात आला. तिन्ही देशांत निष्कर्ष जवळपास सारखा आला. मात्र मार्ग व कालावधी भिन्न होते.

मजकुरातून साधलेली जुळवणी

ही भिन्नता ध्यानी घेऊन जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीची रचना झाली. तिच्या मसुद्यावरील एक आंतरराष्ट्रीय परिषद ऑगस्ट २००६ मध्ये बंगळूर येथे भरली होती. ‘वितरण’ या शब्दाचा अर्थ देशोदेशीच्या कायद्यांत वेगळा असल्याने त्याऐवजी स्वतंत्र संज्ञा योजून त्यांची व्याख्या परवान्यातच देण्यात आली. जबाबदारी नाकारणारे कलम एखाद्या देशात पूर्णतः लागू होत नसेल, तर त्याच्या सर्वांत जवळचा स्थानिक नियम लावावा, असेही नमूद केले गेले. युरोपीय आयोगाने २००७ मध्ये वेगळी वाट धरली : त्याच्या ‘ईयूपीएल’ परवान्याच्या युरोपीय संघाच्या विविध अधिकृत भाषांतील संहिता समान वैध आहेत.

भारतीय स्थिती

भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार संगणक प्रोग्राम ही साहित्यकृती आहे. कलम ३० अन्वये परवाना लेखी हवा. त्यावर स्वाक्षरीची पूर्वीची अट २०१२ च्या दुरुस्तीने वगळण्यात आली. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४ नुसार इलेक्ट्रॉनिक मजकूरही लेखी मानला जातो. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २५ नुसार मोबदल्याविना केलेला करार, काही अपवाद वगळता, शून्य ठरतो. त्यामुळे येथेही परवान्याचा भक्कम आधार प्रताधिकार हाच आहे. भंग झाल्यास कलम ५५ अन्वये मनाई हुकूम मागता येतो.

एक अडचण मात्र लक्षणीय आहे. कलम १९ (५) व ३०अ एकत्र वाचता, ज्या परवान्यात मुदत सांगितलेली नाही तो पाच वर्षांचा समजला जातो. जीपीएलची दुसरी आवृत्ती मुदतीविषयी मौन बाळगते. प्रत्येक नवी प्रत घेणाऱ्यास मूळ लेखकाकडून नव्याने परवाना मिळतो, असे ती सांगते. त्यामुळे अडचण सौम्य होते, नाहीशी होत नाही. तिसऱ्या आवृत्तीने प्रताधिकाराच्या संपूर्ण मुदतीसाठी हक्क दिले आहेत. भारतीय कायद्याशी ती अधिक सुसंगत ठरते.

समारोप

मुक्त परवान्याचा मजकूर जगभर एकच असला, तरी त्याला बळ मिळते ते त्या त्या देशाच्या कायद्यातून. प्रताधिकारभंगाचा दावा सामान्यतः प्रताधिकारधारकालाच करता येतो. सॉफ्टवेअर वापरणारे महाविद्यालय तो करू शकेलच असे नाही. म्हणून पुरवठादाराला कार्यादेश देतानाच परवान्याचे नाव, आवृत्ती आणि बदलांसह सोर्स कोड सुपूर्द करण्याची अट स्पष्ट लिहिली पाहिजे. अध्यापक वा विद्यार्थी स्वतः प्रोग्राम प्रसिद्ध करीत असतील, तर प्रताधिकारधारकाचे नाव व परवान्याची मुदत नोंदविणे अगत्याचे आहे. परवान्याने दिलेले स्वातंत्र्य टिकविण्याची सुरुवात अशा नोंदींपासूनच होते.