गाण्यामागची गुणगुण

परळला माझ्या मामांचे भजनी मंडळ होते. मंडळी सगळी गिरणीतली. १९८२ च्या संपानंतर कोणी गावी गेले, कोणी पुढे निवर्तले. मागे उरली एक कॅसेट. ती माटुंग्याच्या आमच्या घरी संगणकावर उतरवायला बसलो, तर भजनाआधी ऐकू आली ‘घूं’ अशी अखंड गुणगुण!

मित्र म्हणाला, "तशीच उतरव, मग संगणकावर गाळून टाक." पण घरातल्या विजेची ही गुणगुण ५० आणि १०० हर्ट्‌झच्या आसपास असते, आणि पखवाजाच्या कणीक लावलेल्या डाव्या बाजूचा घुमारही असाच खालचा. गुणगुण गाळावी, तर मामांचा पखवाजही गळायचा.

कॅसेट थांबवली तरी ‘घूं’ चालूच. म्हणजे दोष कॅसेटचा नव्हे. तो निघाला डेक आणि संगणक जोडणाऱ्या स्वस्त तारेत. तिचे कवच म्हणजे चार-दोन तारा, त्याही प्लगाशी तुटलेल्या. डेकमधून येणारा संकेत एक व्होल्टाहूनही कमी; शेजारी २३० व्होल्टांची वायर असली, की उघड्या तारेत गुणगुण शिरणारच.

यावर उपाय को-अ‍ॅक्सियल केबल. ऑलिव्हर हेविसाइड या इंग्रज संशोधकाने तिचे पेटंट १८८० साली घेतले. मधोमध एक तार, तिच्याभोवती प्लॅस्टिक, त्यावर तारांची जाळी आणि वर आवरण. जाळी छत्रीचे काम करते. बाहेरचा उपद्रव तिच्यावरून निथळून जातो, आतली तार कोरडी राहते.

आधी मी घरात पडलेली टीव्हीची केबल कापली. ती फसली. तिची जाळी अ‍ॅल्युमिनियमची, आणि त्यावर साधा डाख धरत नाही. मग माटुंगा रोडहून ग्रँट रोड गाठले. लॅमिंग्टन रोडवर ‘आर-जी ५९, तांब्याची जाळी’ असे स्पष्ट सांगावे. डाव्या-उजव्या बाजूंसाठी दीड-दीड मीटरचे दोन तुकडे आणि चार आरसीए प्लग पुरतात.

प्लगाची टोपी आधी केबलीवर सरकवावी. हे सगळेच विसरतात! दोन सेंटीमीटर आवरण सोलून जाळी मागे घ्यावी व पिळावी. आतले प्लॅस्टिक पाच-सहा मिलिमीटर सोलावे. मधली तार प्लगाच्या मधल्या दांडीला, जाळी बाहेरच्या कड्याला. डाख चटकन द्यावा, नाहीतर प्लॅस्टिक वितळून दोन्ही एकमेकांना चिकटतात. शेवटी मल्टिमीटरने पाहावे : दांडी ते दांडी जोड हवा, दांडी ते कडे मुळीच नको.

दोन इशारे. ही केबल स्पीकरसाठी नव्हे. तिथे जाड दुपदरी वायरच हवी. आणि नवी केबल लावूनही गुणगुण उरली, तर दोष बहुधा दोन यंत्रांच्या अर्थिंगमध्ये असतो. पण म्हणून अर्थिंगची पिन कधीही काढू नये.

आमची ‘घूं’ गेली. टेपची बारीक सळसळ राहिली. ती केबलीने जात नाही. पण पहिल्या थापेला आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "दादाचाच हात!"