मोखाडा टू लॉ स्कूल, व्हाया क्लॅट

जव्हार म्हणजे आपल्यासाठी काय? पावसाळी वीकेण्ड! जयविलास पॅलेस, दाभोसाचा धबधबा, घरासाठी एखादं वारली पेंटिंग आणि रविवारी रात्री ट्रॅफिकला शिव्या घालत परत. मीही तेच करत आलेय. या वेळी मात्र बॅगेत छत्रीसोबत क्लॅटचे सराव पेपर होते. ‘तिने’ मागवले होते.

ती बारावी आर्ट्सला आहे. घर मोखाड्याकडच्या एका पाड्यावर, राहते जव्हारला होस्टेलवर. तिला वकील व्हायचंय. “टीव्ही सीरियल बघून?” मी विचारलं. (आपल्यातल्या अर्ध्यांचं तसंच असतं ना!) ती हसली. “नाही ताई. आम्ही कसतो तेवढी जमीन कागदावर लागलीच नाही. बाबांना वाचता येत नाही. आणि ज्यांना येतं, ते पैसे मागतात.”

हा कागद म्हणजे वनपट्टा. २००६च्या वनहक्क कायद्यानुसार १३ डिसेंबर २००५च्या आधीपासून जंगलजमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबाला त्या जमिनीवर हक्क सांगता येतो, जास्तीत जास्त ४ हेक्टर. दावा आधी ग्रामसभेकडे, मग उपविभागीय आणि शेवटी जिल्हा समितीकडे जातो. ग्रामसभेचा किंवा उपविभागीय समितीचा निर्णय पटला नाही तर वरच्या समितीकडे अपील करायला ६० दिवस मिळतात. पण निर्णयाचा कागद वाचणारंच घरात कुणी नसेल, तर ते ६० दिवस कसे उडतात, कळतही नाही.

आता क्लॅटचा फण्डा. राष्ट्रीय विधी विद्यापीठं पूर्वी आपापली वेगळी परीक्षा घ्यायची. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि २००८ पासून एकच सामायिक परीक्षा आली. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांचा रस्ताही तिथूनच जातो. १२० मिनिटं, १२० प्रश्न, चुकलात की पाव मार्क कट. प्रश्न येतात लांबलचक उताऱ्यांवर आणि सगळा पेपर इंग्रजीत. क्लॅट २०२५ची फी होती ४,००० रुपये, अनुसूचित जमातीसाठी ३,५००. आपलं एका डिनरचं बिल. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या घरांसाठी मात्र मोठी रक्कम.

होस्टेलच्या व्हरांड्यात आम्ही एक प्रयोग केला. लीगल रीझनिंगचा एक उतारा मी तिला मराठीत सांगितला. भाडेकरू, करार, नोटीस असं काहीतरी. पाचपैकी चार उत्तरं बरोबर! मग तसाच दुसरा उतारा तिनं स्वतः इंग्रजीत वाचला. वीस मिनिटं गेली, दोनच बरोबर आली. म्हणजे कायदा तिला कळतो. अडतं ते इंग्रजीवर आणि घड्याळावर. ही परीक्षा नक्की काय मोजते, हा प्रश्न माझ्या डोक्यातून तेव्हापासून जात नाहीये.

दुसरा रस्ता आहेच. राज्याची लॉ सीईटी मराठीतूनही देता येते आणि निगेटिव्ह मार्किंगचं टेन्शन नाही. इंग्रजीचा विभाग तिथेही आहे आणि परीक्षा कॉम्प्युटरवर. त्यामुळे माउस हातात बसेपर्यंत सराव करणं मस्ट! क्लॅट इतर भाषांतही व्हावी म्हणून २०२३ मध्ये दिल्ली हायकोर्टात याचिका झाली होती. त्याआधी, २०१० मध्ये, प्रा. शमनाद बशीर यांनी ‘इडिया’ सुरू केली. वंचित घरांतल्या मुलांना शोधून, शिकवून लॉ स्कूलपर्यंत पोचवायचं, हे तिचं काम. बशीर २०१९ मध्ये गेले, पण वाट पडली.

या भागाला कायद्याचं नातं नवीन नाही. १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात वारल्यांचा उठाव झाला, तेव्हा त्यांच्यासोबत उभ्या राहिलेल्या गोदावरी परुळेकर कायद्याच्या पदवीधर होत्या. फरक इतकाच, की त्या बाहेरून आल्या होत्या. ही मुलगी इथलीच आहे.

आणि आपण? एन्ट्रन्सच्या नावाखाली क्लासला हजारो रुपये घालून स्पीड रीडिंग शिकलेले आपण. आठवड्यातून एक तास फोनवर कुणासोबत इंग्रजी उतारा वाचायला काय लागतं? मी रविवार सकाळ ठरवलीय. रेंज येते त्या कट्ट्यावर ती जाऊन बसते.

निघताना तिनं वहीत अधोरेखित केलेला एक शब्दप्रयोग दाखवला. “ताई, हे ‘प्रोव्हायडेड दॅट’ म्हणजे काय?”

“पण अट अशी की...” मी म्हटलं.

तिनं तो वहीत लिहून घेतला. मग म्हणाली, “म्हणजे आधी सगळं द्यायचं आणि गोम इथं ठेवायची.”

मॅडम, तुम्ही वकील होणारच!