तारेतले इलेक्ट्रॉन अणूंवर आपटत नाहीत

बटण दाबताच दिवा लागतो. म्हणजे तारेतले इलेक्ट्रॉन प्रचंड वेगाने धावत दिव्यापर्यंत येत असणार, असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेतून एक अँपिअर प्रवाह जातो, तेव्हा इलेक्ट्रॉन सेकंदाला सरासरी ०.०७ मिलिमीटर इतकेच पुढे सरकतात. झटकन पोचतं ते विद्युतक्षेत्र.

म्हणून इलेक्ट्रॉनना सुस्तही म्हणता येत नाही. तांब्यातले सर्वाधिक ऊर्जेचे इलेक्ट्रॉन सेकंदाला सुमारे १,५७० किलोमीटर वेगाने फिरत असतात. सगळ्या दिशांना सारखेच, त्यामुळे प्रवाह शून्य. ही धावपळ निरपेक्ष शून्य तापमानालाही थांबत नाही, कारण पाउलीच्या नियमानुसार दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत. खालच्या अवस्था भरल्या की उरलेल्यांना वरच्या ऊर्जेला जावंच लागतं.

या नियमाने एक जुनं कोडंही सुटलं. १९०० साली ड्रूडने धातूतल्या इलेक्ट्रॉनना वायूच्या कणांसारखं मानलं होतं. तसं असतं तर त्यांनी भरपूर उष्णता शोषली असती. मोजमापात मात्र अपेक्षेच्या जेमतेम शंभरावा भाग सापडे. १९२७ साली सोमरफेल्डने कारण दाखवलं: खालच्या अवस्थांतल्या इलेक्ट्रॉनना सरकायला रिकामी अवस्थाच नसते, उष्णता घेतात ते फक्त वरच्या काठावरचे.

सर्वांत चिवट समज रोधाबद्दलचा आहे. इलेक्ट्रॉन अणूंवर आपटतात म्हणून रोध निर्माण होतो, असं शाळेपासून मनात बसलेलं असतं. फेलिक्स ब्लॉखने १९२८ साली सिद्ध केलं, की अणूंची मांडणी अगदी नियमित असेल तर इलेक्ट्रॉनचा तरंग तिच्यातून विनाअडथळा पार होतो. तांब्यात अणू पाव नॅनोमीटर अंतरावर असतात, तरी नेहमीच्या तापमानाला इलेक्ट्रॉन सुमारे ४० नॅनोमीटर बिनधोक जातो. त्याला अडवतात ती अणूंची थरथर आणि धातूतली भेसळ. साठ वॅटचा जुना पिवळा बल्ब घ्या. थंड असताना मल्टिमीटर शंभर ओहमच्याही खाली रोध दाखवतो. पेटलेल्या बल्बचा हिशोब केला तर तो जवळपास ९०० ओहम भरतो. तार तीच, अणूही तेच. वाढली ती थरथर.

पाउलीच्या नियमासारखे क्वांटमचे नियम फक्त अतिसूक्ष्म जगापुरते, हाही गैरसमजच. १९२८ साली सोमरफेल्ड मद्रासला आले, तेव्हा प्रेसिडेन्सी कॉलेजचे विद्यार्थी चंद्रशेखर त्यांना भेटले आणि धातूंतल्या इलेक्ट्रॉनवरच्या त्यांच्या लेखाची मुद्रितं घेऊन परतले. दोन वर्षांनी इंग्लंडला जाताना बोटीवर चंद्रशेखरांनी त्या लेखातली इलेक्ट्रॉनची सांख्यिकी श्वेतबटू ताऱ्यांना लावली आणि अशा ताऱ्याच्या वस्तुमानाला कमाल मर्यादा असते, हे गणिताने काढलं.