कशावरून?

उन्हाळ्याच्या सुट्टीतला प्रकल्प सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला होता. मला नेमून दिलेल्या दीर्घिकेच्या रेडिओ आलेखाच्या मधोमध एक रेघ सुईसारखी उभी दिसली आणि मी तशीच माझ्या मार्गदर्शक मॅडमच्या खोलीत शिरले. ‘‘मॅडम, काहीतरी सापडलंय.’’ त्यांनी हातातला चहाही खाली ठेवला नाही. म्हणाल्या, ‘‘कशावरून?’’

रेघ दिसतेय, यापलीकडे माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं.

‘‘त्याच रात्रीचा कॅलिब्रेटर उघड.’’ कॅलिब्रेटर म्हणजे ज्याची तेजस्विता आधीच पक्की ठाऊक आहे असा आकाशातला स्रोत. निरीक्षण चालू असताना मधूनमधून दुर्बीण त्याच्याकडे वळवतात; तराजू बरोबर आहे ना, हे वजनाचं माप ठेवून बघावं तसं. फाइल उघडली, तर तिथंही तीच सुई, त्याच वारंवारतेवर. दुर्बिणीनं तोंड फिरवलं तरी रेघ जागची हलत नव्हती, म्हणजे ती माझ्या दीर्घिकेची नव्हतीच. डोक्यावरून जाणाऱ्या कुठल्याशा उपग्रहाचं बोलणं आमच्या कानावर पडलं होतं.

हा कान आहे जुन्नर तालुक्यातल्या खोडदला. जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजेच जीएमआरटी. पुण्यातल्या विद्यापीठाच्या आवारात नॅशनल सेंटर फॉर रेडिओ अ‍ॅस्ट्रोफिजिक्स ही टाटा मूलभूत संशोधन संस्थेची शाखा आहे. ती ही दुर्बीण चालवते. आम्ही विद्यार्थी बसायचो पुण्यात, संगणकापुढे. डेटा यायचा खोडदहून.

एकदा मात्र तिकडे जायला मिळालं. नाशिक रस्त्यानं नारायणगाव, तिथून पूर्वेला वळायचं. द्राक्षबागा आणि टोमॅटोचे मांडव मागे पडतात, आणि शेतापलीकडे अचानक पांढुरकी तबकडी उभी राहते. व्यास ४५ मीटर. अशा तीस. चौदा मधल्या साधारण एक किलोमीटरच्या चौकात, उरलेल्या सोळा इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारख्या तीन फांद्यांवर, पंचवीसेक किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या.

जवळ गेल्यावर पहिला धक्का बसतो तो तबकडी आरपार दिसते याचा. पत्रा नाहीच, बारीक तारेची जाळी आहे. तार स्टेनलेस स्टीलची, अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड. जाळीची भोकं मध्यभागी एक सेंटिमीटरची, कडेला दोन सेंटिमीटरची. मला वाटलं, लहरी गळून जात असतील. पण ही दुर्बीण ऐकते त्या लहरी साधारण वीस सेंटिमीटरपासून अडीच मीटरपर्यंत लांब असतात. त्यांच्या लेखी ती जाळी भिंतच. वारा मात्र तिच्यातून निघून जातो, म्हणून सांगाडा हलका ठेवता येतो आणि खर्च आवाक्यात राहतो. पोलादी दोर ताणून त्यांवर जाळी बांधायची ही युक्ती रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची. १९६५च्या सुमारास ऑस्ट्रेलियाहून भेट आलेल्या छोट्या तबकड्या त्यांनी कल्याणला उभ्या केल्या होत्या. मग उटीच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण बांधली, ती १९७० मध्ये सुरू झाली. खोडद हा त्यापुढचा टप्पा. स्वरूप २०२० मध्ये गेले.

तीस तबकड्यांमधल्या प्रत्येक दोघींची जोडी लावायची आणि त्यांना ऐकू आलेलं एकमेकांशी ताडून बघायचं, हे या दुर्बिणीचं काम. जोड्या होतात ४३५. इंटर्नच्या वाट्याला येतात त्या या जोड्या. वेळ आडवा, वारंवारता उभी, असे चित्रपट्टे एकामागून एक उघडायचे आणि खराब भाग खूण करून बाजूला काढायचा. याला फ्लॅगिंग म्हणतात. मोबाइल, विजेच्या तारांवरच्या ठिणग्या, उपग्रह, सगळ्यांचा कचरा त्यात असतो. आजी परातीत तांदूळ पसरून खडे वेचायची, तसंच हे. फक्त परात संपत नाही. मी पहिल्या दोन दिवसांत इतकं काही वेचून टाकलं की मॅडमनी विचारलं, ‘‘खडे काढलेस, का तांदूळ? हा पट्टा वाईट, कशावरून?’’ दिसायला वेडावाकडा होता, एवढंच माझं कारण होतं.

मग त्यांनी जोसेलिन बेल यांची गोष्ट सांगितली. १९६७, केंब्रिज. बेल तेव्हा विद्यार्थिनी होत्या. त्यांच्या दुर्बिणीतून रोज कागदाची लांबलचक पट्टी बाहेर पडायची, ती त्या डोळ्यांनी तपासायच्या. एके ठिकाणी थोडी खरखर दिसली. जमिनीवरचा गोंधळ म्हणून ती सोडून देता आली असती. पण ती खरखर पुन्हा पुन्हा आली, आणि घड्याळाच्या नाही, ताऱ्यांच्या वेळेनं आली; म्हणजे रोज चार मिनिटं आधी. माणसाचं यंत्र चोवीस तासांच्या दिवसावर चालतं, आकाश तेवीस तास छप्पन्न मिनिटांवर. तो पहिला पल्सार निघाला, म्हणजे ठरावीक लयीत रेडिओ लहरींचे ठोके देणारा तारा. १९७४ साली या शोधाचं नोबेल त्यांच्या मार्गदर्शकांना मिळालं, त्यांना नाही, हेही मॅडमनी सांगितलं आणि पुढे काही बोलल्या नाहीत.

माझ्या सुईला आणि बेलच्या खरखरीला चाळणी एकच होती: आकाशाबरोबर फिरते का? एक त्यात नापास झाली, दुसरी पास. मी मात्र एकदा रेघेला घाईनं शोध ठरवलं होतं, एकदा पट्ट्याला घाईनं कचरा.

नंतर मी वही ठेवली. कुठली अँटेना त्या रात्री बंद होती, कुठली वारंवारता काढली, आणि पुढच्या रकान्यात कारण. कारण लिहिता आलं नाही तर पट्टा ठेवायचा. काम निम्म्या वेगानं होऊ लागलं, पण दुसऱ्यांदा करावं लागेना.

शेवटी चित्र तयार झालं. एक जुनीच दीर्घिका, जिची तेजस्विता आधी कुणीतरी मोजून प्रसिद्ध केलेली. माझा आकडा त्या आकड्याच्या त्रुटीच्या मर्यादेत बसला. नवं काही सापडलं नाही.

समारोपाच्या सादरीकरणात मागच्या बाकावरून एक ज्येष्ठ संशोधक म्हणाले, ‘‘आकडा छान आहे. पण खरा, कशावरून?’’ मॅडमनी माझ्याकडे बघितलंही नाही. मी चित्र बाजूला सारलं आणि कॅलिब्रेटरचा आलेख उघडला.