अक्षतांच्या आधी, अल्बमच्या नंतर

शेवटचं 'सावधान' झालं की अंतरपाट बाजूला होतो आणि पुढच्या चार-पाच सेकंदांत सगळं उरकतं. वाजंत्री सुरू होते, अक्षतांचा शेवटचा मारा येतो, नवरीच्या मागचा मामा एक पाऊल पुढं सरकतो, नवरदेवाचे मित्र त्याला उचलून घ्यायच्या तयारीत असतात. त्या दोघांनी एकमेकांकडं बघायचं ते एवढ्यातच बघितलेलं असतं. हार घालतानाचा फोटो पुन्हा घेता येतो, सर्रास घेतलाही जातो. ती नजर पुन्हा मागता येत नाही. म्हणून माझं निम्मं काम मंगलाष्टका सुरू व्हायच्या आधी होतं. गुरुजींना गाठायचं, अंतरपाट कुठल्या बाजूला ओढणार ते विचारून घ्यायचं, मामाला हात जोडून सांगायचं, "मामा, हार पडेपर्यंत मागंच थांबा, नाहीतर फोटोत नवरीऐवजी तुमचा फेटा येईल." मामा हसतात, हो म्हणतात आणि ऐन वेळी पुढं येतात. ते गृहीत धरूनच आपली जागा निवडायची.

सांगलीच्या गावभागात आमचा फोटो स्टुडिओ आहे. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सुरू केला. आता मी चालवते. सीझनमध्ये दोन मुलं हाताखाली असतात, एक व्हिडिओवर, एक लाइट धरायला. मोठी ऑर्डर असली की मिरजेहून आणखी कोणीतरी बोलावते. हातात कुठलाही कॅमेरा असला तरी कार्यालयात मी 'शूटिंगवाल्या ताई'. बाई असण्याचा फायदा सरळ आहे: नवरीच्या खोलीचं दार मला बंद नसतं. निऱ्या बसत नाहीत म्हणून चाललेली चिडचिड, मुंडावळ्यांच्या गाठीवरून दोन आत्यांची वादावादी, हे पुरुष फोटोग्राफरला क्वचितच मिळतं. तोटा असा की जेवणाच्या वेळी माझ्या पोरांना "दादा, बसा पंगतीला" म्हणतात आणि मला "ताई, जरा नवरीचा पदर बघा की" म्हणून स्टेजवर पाठवतात.

आमच्या पट्ट्यात लग्न म्हणजे एकच ठरावीक कार्यक्रम नव्हे. जैन घरचं लग्न असलं की उपाध्ये वेळेचे पक्के, आणि सूर्यास्ताच्या आत जेवणं आटोपायची म्हणून सगळा दिवस उन्हाच्या गणितावर चालतो; रिसेप्शनचे फोटोही दिवसाच्या उजेडातच काढायचे. लिंगायतांकडं जंगम स्वामींच्या जागेला पाठ करून उभं राहिलेलं खपत नाही. मिरजेत निकाह असला तर नवरा एका खोलीत, नवरी दुसऱ्या. वकील आणि साक्षीदार तिच्याकडं जाऊन तिचा होकार घेऊन येतात. एका कॅमेऱ्याचं ते कामच नाही. आणि खेड्यावरचं मराठ्यांचं मोठं लग्न असलं, तर पत्रिकेत बारा पस्तीस छापलेलं असतं, पण पारावरच्या मारुतीला गेलेला परण्या हलगी-घुमक्याच्या नादात रेंगाळतो. तो आला की कारखान्याचे चेअरमन, झेडपीचे माजी सदस्य, आमदार आलेच तर आमदार, असे सगळे वधूवरांना आशीर्वादपर दोन शब्द बोलतात. दोन शब्द कधीच दोन नसतात. तेवढ्यात ऊन सरकतं, सकाळी ठरवलेली जागा सावलीत जाते आणि आम्ही स्टेजच्या दुसऱ्या टोकाला पळतो.

उजेडाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण बिघडलेल्या फोटोंचं खापर लोक कॅमेऱ्यावर फोडतात आणि दोष बहुतेक वेळा मंडपाचा असतो. लाल-पिवळ्या कापडाच्या मांडवात दुपारचं ऊन त्या कापडातून गाळून खाली येतं आणि सगळ्यांचे चेहरे तांबूस दिसतात. आपल्या डोळ्यांना कळत नाही, कारण मेंदू ते जुळवून घेतो. कॅमेरा जे आहे ते दाखवतो. कार्यालयातल्या काही दिव्यांचं वेगळंच. आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची, त्यामुळं असे दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. कॅमेऱ्याचा पडदा फार वेगानं उघडमीट केला, तर त्यातला एखादाच तुकडा सापडतो आणि फोटोवर आडवे पट्टे येतात. वेग सेकंदाचा शंभरावा किंवा पन्नासावा भाग ठेवला की पट्टे जातात, पण नाचणाऱ्या करवल्या हलून जातात. यातलं काय सोसायचं हे ज्याचं त्यानं ठरवायचं. मी करवल्या हलू देते.

आता स्टेजच्या मागं एलईडीची भिंत आली, तिचं तंत्र आणखी निराळं. नवरीच्या डोक्यामागं कधी ताजमहाल, कधी धबधबा. सांगलीकरांना रंगमंचाचं वेड जुनंच म्हणा. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथं पहिला नाट्यप्रयोग केला तो 'सीतास्वयंवर', म्हणजे लग्नाचाच. पण त्यातल्या मंडळींना आपण कुठं उभं राहायचं हे तरी ठाऊक असणार.

आप्पांच्या काळी रोलमध्ये छत्तीस फोटो असत. रोल नीट भरला तर एखाद-दुसरा जास्त निघे, आणि तो जास्तीचा फोटो त्यांच्या मर्जीतल्या माणसाला मिळे. त्यांच्या याशिका कॅमेऱ्यात तर एका रोलला बाराच चौकोनी फोटो. त्यामुळं आप्पा आधी माणसं मोजत, मग बटण दाबत. त्यांच्या जुन्या अल्बमांत एक शिस्त दिसते: मुलीकडचे, मुलाकडचे, दोन्ही व्याही, विहिणी, मानाचे पाहुणे, स्वयंपाकघरातल्या बायका, शेवटी मांडवाबाहेर बसलेला बँडवाला. हसणारं कोणीच नाही, पण गाळलेलंही कोणी नाही. आता माझ्या कार्डात हजारो फोटो मावतात आणि तरीही कधीकधी नवऱ्याची सख्खी मावशी एकाही फोटोत नसते, कारण सगळे कॅमेरे नवरा-नवरीच्या तोंडावर रोखलेले असतात. कँडिड फोटोग्राफीबद्दल मला आदर आहे, मी ती करतेच. फक्त कँडिड म्हणून जे मागितलं जातं त्यातलं बरंचसं सिनेमात बघितलेलं असतं. नवरीनं खिडकीतून बाहेर बघायचं. कार्यालयाच्या खिडकीबाहेर पार्किंग असतं.

प्री-वेडिंगचं मी भराभर सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं फार नाही. हरिपूरला कृष्णा-वारणेचा संगम, दंडोबाचा डोंगर, साताऱ्याच्या बाजूला कास आणि ठोसेघर. पहाटे निघायचं, कपडे तीनदा बदलायचे, घरच्या म्हाताऱ्यांना काय घातलंय ते दिसणार नाही अशा बेतानं रील टाकायचं. पैसे बरे मिळतात.

पैशाचं गणित मात्र सीझनवर चालतं. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त उघडतात, आषाढात मिटतात. मधे पौष कोरडा. २०२४ साली मे-जूनमध्ये गुरू आणि शुक्र दोन्ही अस्तंगत होते, ऐन उन्हाळ्यात मुहूर्त जवळजवळ नव्हते. ग्रहांनी असं तोंड फिरवलं की कॅमेऱ्याचे हप्ते थांबत नाहीत. त्याआधी एप्रिल २०२१ मध्ये सरकारी नियम होता: पंचवीस माणसं आणि दोन तासांत लग्न. मला ती लग्नं आवडली होती, हे मी मोठ्यानं म्हणत नाही. चेहरे मास्कमागं होते, पण गर्दी नसल्यानं डोळे सगळ्यांचे मिळाले. बाकीच्या दिवसांत डोहाळजेवण, बारसं, शाळेचं गॅदरिंग, तासगावचा रथोत्सव, पासपोर्टचे फोटो आणि फ्लेक्ससाठी भावी नगरसेवक. हात जोडलेला एक, फोनवर बोलतानाचा एक.

ऑर्डर ठरताना इसार, लग्नादिवशी काही रक्कम, उरलेली अल्बम नेताना. ही शेवटची रक्कम म्हणजे आमच्या धंद्याचं दुखणं. अल्बमसाठी फोटो निवडायला पेनड्राइव्ह दिला की तो घरोघर फिरतो. नवरीला एक फोटो आवडतो, सासूबाईंना त्यात आपली मान वाकडी दिसते. निवड वर्षभर अडकते आणि आमचे पैसेही. निवड झालीच तर पुढची मागणी येते: "ताई, जरा गोरी करा तिला." मी पुरळ काढते, घाम पुसते, डोळ्यांखालचं काळं थोडं हलकं करते, कारण ते सगळं आठवड्यात जाणारं असतं. रंग जाणारा नसतो. काही ऑर्डरी यावरून गेल्या. गेल्या तर गेल्या.

आणि एवढं सगळं करून, लग्नानंतर सगळ्यात आधी घाईघाईनं मागितला जातो तो अगदी साधा फोटो. गळ्यात हार, दोघांचे चेहरे समोर, चार बाय सहा. विवाह नोंदणीच्या अर्जाला लग्नपत्रिकेबरोबर तो लावायचा असतो. सिनेमॅटिक फिल्मला तीन महिने लागले तरी चालतात, हा फोटो उद्या हवा. त्यामुळं हार पडल्यावर मी दोघांना क्षणभर थांबवते आणि सरळ समोरून एक घेते. शिकाऊ पोरांना हा फोटो फालतू वाटतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेलं. इथं धोक्याची पातळी ४५ फूट धरतात. गावभाग नदीकाठचा, आमच्या स्टुडिओत पाणी येणारच होतं. आम्ही कॅमेरे आणि कॉम्प्युटर आधीच विश्रामबागला हलवले. आप्पांची निगेटिव्हची पेटी मात्र खालच्या फळीवर होती, कारण २००५ च्या पुरात त्या फळीला पाणी लागलं नव्हतं. सांगलीत त्या वर्षी अनेकांनी असाच जुन्या पुराचा हिशोब धरला होता.

पाणी ओसरल्यावर लोक दुकान उघडायची वाट बघत थांबले होते. हातात पिशव्या, पिशवीत अल्बम. कोणी चिखल पुसायला पानं कापडानं घासली होती, कोणी चिकटलेली पानं ओढून उघडली होती, कोणी चांगल्या मनानं कडक उन्हात वाळत घातली होती. तिन्ही गोष्टी फोटोला मारक. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो आणि चित्र त्या थरात असतं. पाण्यात तो फुगतो, मऊ होतो. ओला असेपर्यंत प्लॅस्टिकपासून सुटू शकतो. तसाच वाळला की प्लॅस्टिकलाच कायमचा चिकटतो आणि ओढला तर चेहऱ्यासकट निघतो. म्हणून भिजलेले फोटो ओलेच ठेवायचे. स्वच्छ थंड पाण्याच्या घमेल्यात सोडायचे, पाणी बदलत राहायचं, चित्राच्या बाजूला बोट लावायचं नाही, सुटला की चित्र वर करून सावलीत पसरायचा. एक-दोन दिवसांत सगळे हाताळणं शक्य नसेल तर पिशवीत घालून फ्रीजरमध्ये, म्हणजे बुरशी थांबते. हे ऐकून एक काकू म्हणाल्या, "फ्रीज तरी कुठं राहिलाय, बाई."

यात एक उलटंच दिसलं. जाड पुठ्ठ्याचे, लॅमिनेशनचे नवे महागडे अल्बम सर्वांत वाईट गेले. पुठ्ठा पाणी प्यायला, फुगला आणि पानाची दोन्ही तोंडं फाटली. पण त्यांच्या फाइली माझ्याकडं होत्या, पुन्हा छापता आले. जुने साधे फोटो धुऊन बरेचसे वाचले. आप्पांच्या निगेटिव्ह आम्ही घरच्या बादल्यांत धुतल्या, माडीवर दोऱ्या बांधून चिमट्यांना टांगल्या. पट्ट्या पट्ट्यांना चिकटल्या होत्या त्या गेल्या, बाकीच्या राहिल्या. व्हिडिओ कॅसेटींचा मात्र निकाल लागला. आधीच बुरशी लागलेली, वर गाळ.

त्या महिन्यात लोकांनी काय मागितलं ते मला लिहून ठेवावंसं वाटतं. नवरा-नवरीचे जोडफोटो फार कोणी मागितले नाहीत. ती दोघं समोर उभीच होती. मागितली गेली ती कडेची माणसं. आहेराच्या रांगेतले वडील. पंगतीत वाढणारा, पुढं अपघातात गेलेला भाऊ. ज्या आजीचा दुसरा फोटोच नव्हता, ती रुखवतामागं अर्धी दिसते, तेवढीच मोठी करून द्या. तेव्हापासून कुठल्याही लग्नात स्टेजवर जायच्या आधी मी मांडवात बसलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या रांगेतून एकदा कॅमेरा घेऊन जाते. त्याचे वेगळे पैसे लावत नाही, अल्बमलाही ते फोटो फार जात नाहीत.

फाइली वाचल्या म्हणून निर्धास्त व्हावं असंही नाही. कॅमेऱ्याची एक कच्ची फाइल साधारण २५ ते ५० एमबीची, त्यात व्हिडिओ. दोन-तीन दिवसांचं लग्न एक हार्ड डिस्क सहज खातं. कॅमेऱ्यात दोन कार्डं एकाच वेळी भरत असतात, घरी येऊन जेवायच्या आधी दोन डिस्कवर उतरवून घ्यायचं, त्यातली एक विश्रामबागला. पण डिस्कही मरतात, सीडी आता कोणी लावून बघत नाही. मी ऑर्डरच्या कागदावर छापलंय की डेटा वर्षभरच सांभाळला जाईल, आणि तरीही पुसवत नाही.

मालकी कोणाची, हा प्रश्न त्यात भर घालतो. लोकांना वाटतं फोटो काढणाऱ्याचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात उलट आहे: पैसे मोजून एखाद्यानं काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक तो काढून घेणारा, वेगळा करार नसेल तर. म्हणून इन्स्टाग्रामवर टाकायची परवानगी मी आधीच लेखी घेते. पण लग्नात फोटोचे पैसे मुलीचे वडील देतात, व्हिडिओचे मुलाचे काका, आणि कागदावर सही असते तिसऱ्याच मेव्हण्याची. जोवर गोडीगुलाबी आहे तोवर कोणी विचारत नाही. मग एखाद्या दिवशी फोन येतो: "ताई, आमच्या लग्नाचं जेवढं असेल तेवढं सगळं पुसून टाका." आणि चार दिवसांनी त्याच लग्नातल्या दुसऱ्या बाजूचा: "वडील गेले. त्यांचा फोटो त्याच लग्नात काय तो चांगला आलाय. आहे ना तुमच्याकडं?" असा फोन आला की मी आधी डिस्क शोधते, पुसायचं काय ते नंतर बघते.